आमच्या साडूंचा दोर

उद्या जगबुडी आली आणि अख्ख्या शहापूर-मुरबाडात एकच माणूस कोरडा राहायचा ठरला, तर ते आमचे थोरले साडू असतील, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पाणी नाकापर्यंत आलं तरी त्यांची काडी पेटेल, त्यांच्या विजेरीत सेल असतील आणि कुठल्यातरी खिशातून मूठभर भाजलेले शेंगदाणे निघतील. अडचण एवढीच, की हे सगळं त्यांच्या सॅकमधून बाहेर निघेपर्यंत पाणी ओसरूनही गेलेलं असेल.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे यजमान. शेणव्याजवळच्या एका वाडीत त्यांचं घर आहे. तानशाहून मुंबईला पाणी नेणाऱ्या मोठ्या पाइपांवर त्यांनी सगळी नोकरी काढली. लोखंडी पहारीचं एक टोक पाइपाला टेकवायचं, दुसरं कानाशी धरायचं आणि पाणी कुठं झिरपतंय ते ऐकायचं, हे त्यांचं काम. त्या कानांचा त्यांना फार अभिमान. रानातून एकट्यानं चालताना काय काय होऊ शकेल याचा विचार करायची सवय त्यांना तिथेच लागली. बाकीच्यांना निवृत्तीनंतर बीपी होतं, साडूंना ही तयारी झाली. मी शहापुरात चष्म्याचं दुकान चालवतो, त्यामुळे माणसं निरखायची मला खोड आहे. पण या एका माणसाला निरखण्यात माझा जेवढा वेळ गेला आणि जेवढी करमणूक झाली, तेवढी अख्ख्या बाजारपेठेनं केली नसेल.

ती सॅक एकदा बघायला हवी. मूळचा रंग खाकी असावा. तिच्यात काडेपेटी असते, पण ती आधी एका डबीत, डबीत ओल शोषायला तांदळाचे दाणे, डबीवर प्लास्टिक, प्लास्टिकवर रबर आणि त्यावर आणखी एक पिशवी. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे असतात, कारण भर पावसात लाकडं भिजली तरी ट्यूबचा तुकडा पेटतो. हे त्यांनी माझ्या घरी, माझ्याच गॅलरीत, माझ्या बायकोनं नुकत्याच वाळत घातलेल्या चादरींखाली सिद्ध करून दाखवलं. तुकडा खरोखरच छान पेटला. चादरींना पुढे बरेच दिवस पंक्चरच्या दुकानाचा वास येत होता. शिवाय क्रेप बँडेज, मीठ-साखरेची पुडी, कोयता आणि सगळ्यांत वर, वेटोळं करून तीन पिशव्यांत गाठी मारून ठेवलेला निळा दोर. हा दोर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. अक्कांनी एकदा पापड वाळवायच्या दिवशी त्यावर जुनी साडी टाकून आडोसा केला, तर त्यांनी साडीची घडी घालून अक्कांच्या हातात दिली आणि दोर परत सॅकमध्ये भरला. हा माणसं वाचवायचा दोर आहे, असं त्यांनी ऐकवलं. त्या दोरानं तोवर एकही माणूस वाचलेला नव्हता, हे अक्कांनी ऐकवलं.

त्यात त्यांचा दोष नव्हता. संकटंच त्यांना चुकवून जायची. शेजाऱ्यांची म्हैस एकदा ओढ्याच्या चिखलात रुतली. साडू सॅक घेऊन धावत आले, गुडघ्यावर बसले आणि गाठी सोडू लागले. पहिली पिशवी सुटली, दुसरी सुटली, तिसरीच्या गाठीला त्यांनी दात लावले. तेवढ्यात म्हैस आपली आपण बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी उभी राहून ते काय करताहेत ते बघू लागली. एकदा आम्ही सगळे तानशाच्या बाजूला डबे घेऊन गेलो होतो. आभाळ भरलेलं होतं. अचानक धडाड् आवाज झाला आणि साडूंनी आम्हां सगळ्यांना झाडापासून लांब, मोकळ्यात, पाय जुळवून उकिडवं बसवलं. वीज पडायची असेल तर असंच बसायचं असतं. माझ्या व्याह्यांचं त्यांच्याशी ते पहिलंच भेटणं होतं, तेही कानांवर हात ठेवून निमूट बसले. शेळ्या घेऊन चाललेली एक बाई थांबली, आमच्याकडे बघून म्हणाली, खाणीतला सुरुंग कधी ऐकला नाही का या लोकांनी? साडू उठले, पँट झटकली आणि सराव झाला तो झाला, असं म्हणून डब्याकडे वळले.

मुरबाडच्या एका लग्नात त्यांनी मांडवाच्या वाटा आधी हिंडून पाहिल्या आणि मग मला सर्वांत कडेच्या खांबाशी बसवलं. मांडव पेटला तर आपण पहिले बाहेर. पंखा दुसऱ्या टोकाला होता, म्हणून मांडव न पेटताही मी भाजून निघालो. त्रिसरण-पंचशील झालं, आहेराची वेळ आली, तेव्हा त्यांनी नवरानवरीच्या हातात एकेक विजेरी आणि एकेक शिट्टी ठेवली. नवरीला हसू आवरेना. साडूंनी तिला भर मांडवात शिट्टीचे नियम समजावले. एक लांब शिट्टी म्हणजे मी इथं आहे. दोन म्हणजे माझ्याकडे या. तीन म्हणजे संकट.

घरातल्या प्रत्येकाला त्यांनी अशी शिट्टी दिली होती. ती वापरली फक्त अक्कांनी. साडूंचं शेत ओढ्यापलीकडे, हाका मारून अक्कांचा घसा बसायचा. शिट्टी मिळाल्यावर त्यांनी नियम आपल्या सोयीनं बदलून घेतले. एक वाजली की चहा, दोन वाजल्या की जेवण, तीन वाजल्या की घरी पाहुणे आलेत. महिन्याभरात सगळ्या वाडीला हे पाठ झालं. तीन शिट्ट्या ऐकल्या की शेजारणी पदर सावरून कोण आलंय ते बघायला यायच्या. साडूंना हे मुळीच पसंत नव्हतं.

"संकटाच्या भाषेत भाकरीला बोलवायचं नाय," ते अक्कांना बजावून सांगायचे.

"भाकरी थंड झाली का मी संकटच आणते," अक्का म्हणायच्या.

आणि मग गेल्या की त्याच्या आदल्या वर्षी साडूंनी शिट्टीला यायचं बंद केलं. अक्का वाजवून वाजवून थकायच्या आणि हे बांधावर पाठ करून बसलेले. तासाभरानं उन्हं बघून यायचे. विचारलं तर म्हणायचे, जेवणाच्या शिट्टीला मी येणार नाही, आधीच सांगितलंय. अक्का संतापल्या. आम्ही बाकीचे मात्र खूश झालो. तत्त्वासाठी ताटावरचं गरम जेवण सोडणारा माणूस आपल्या नात्यात आहे, हे मी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत असे. नंबर तपासता तपासता मी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली, की खर्डीहून आलेल्या एका गृहस्थांनी मलाच ती ऐकवली. शेवटी अक्कांनी शिट्टी वाजवणं सोडलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी त्या स्वतः ओढ्यापर्यंत जाऊन हात हलवू लागल्या.

भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, उरकली की आमची दोन घरं वाडीमागच्या डोंगरावर करटोली काढायला जातात. ही आमची दरवर्षीची रीत, आणि साडूंचा वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस. निघण्याआधी ते प्रत्येकाची काठी आणि शिट्टी तपासतात. पुढे ते, मागे अक्का, मग मी, आणि माझी बायको शेवटी, कारण तिला प्रत्येक वेलीशी थांबायचं असतं. गेल्या वर्षीही ती अशीच मागे राहिली. ओहोळ ओलांडताना शेवाळावरून तिचा पाय घसरला आणि दोन धोंड्यांच्या मध्ये घोट्यापर्यंत अडकला. एवढी वर्षं ऐकलेलं तिच्या ध्यानात होतं. तिनं तीन शिट्ट्या वाजवल्या.

मी आणि अक्का मागे धावलो. धोंडा हलेना. पाणी जोरात होतं आणि बायकोचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं पुन्हा तीन वाजवल्या. वरच्या चढावर साडू आम्हाला स्वच्छ दिसत होते. ते वळले नाहीत. माझं डोकंच फिरलं. माणसानं हट्टी असावं, पण किती? तेवढ्यात ते एका वेलीपाशी वाकले आणि आमच्याकडे पाठ ठेवूनच मोठ्यानं, आनंदानं सांगू लागले, की या वर्षी करटोली काय लागलीत, या लवकर. हा रागावलेल्या माणसाचा आवाज नव्हता. मी अक्कांकडे बघितलं. त्यांना माझ्याआधीच कळलं होतं. त्या तो चढ चढल्या आणि त्यांनी साडूंच्या खांद्यावर हात ठेवला. साडू केवढ्यानं तरी दचकले.

पुढचं मात्र बघण्यासारखं होतं. साडू उतारावरून आले, ओहोळात उतरले, सॅकच्या गाठींना हात घातला. अक्कांनी वरच्या खिशातला कोयता काढून सगळ्या पिशव्या एका घावात कापल्या. साडूंनी काठी धोंड्याखाली घालून धोंडा कलता केला, पाय अलगद सोडवला, सॅकमधली मोडक्या छत्रीची काडी बाजूला लावून घोट्याला बँडेज बांधलं. मी डॉक्टरांकडेही इतकं नीट बँडेज बघितलेलं नाही. त्यांचा चेहरा उजळला होता. जन्मभर वाट बघितलेलं संकट आलं होतं आणि त्यांनी ते निभावलं होतं. मग त्यांनी माझ्या बायकोला विचारलं,

"शिट्टी का नाय वाजवलीस गो बाय?"

ती शिट्टी तिच्या मुठीत होती. ती मूठ आणखी घट्ट करत म्हणाली, "इसरले, दाजी."

साडूंनी लगेच तिला फैलावर घेतलं. एवढं सांगून, एवढं शिकवून माणसं ऐन वेळेला विसरतात कशी, वगैरे. आम्ही तिघंही खाली मान घालून ऐकत होतो. ते भाषण रंगात आलं असतानाच खालून त्यांचे शेजारी, तेच म्हशीवाले, धापा टाकत आले आणि साडूंच्या समोर उभे राहून मोठ्यानं म्हणाले,

"कोन पाहुणे आलेत? तीन शिट्ट्या झाल्या, आनि परत तीन. घरी बघितलं तर कुलूप. आवाज डोंगरावरनं आला म्हनून वर आलो."

साडूंनी माझ्या बायकोच्या मुठीकडे बघितलं. मग ते कापलेल्या पिशव्या गोळा करू लागले. वर न बघताच ते अक्कांना म्हणाले,

"जेवनाची ऐकू येत नाय, ते मला ठाव होतं. वाटलं, संकटाची तरी येईल."

दोन्ही वेळा शिट्टी तीच असते, हे त्यांना कोण सांगणार? डोळ्यांचं असतं तर मी कधीच ओळखलं असतं, कानांच्या बाबतीत मी तत्त्व तत्त्व करत हसत बसलो. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, की वयानं आधी बारीक, उंच आवाज जातात. समोर बसून बोललेलं बरंचसं कळतं, त्यामुळे घरच्यांच्या लक्षात येत नाही. ज्या कानांनी जमिनीतलं पाणी ऐकलं, त्यांना बायकोची शिट्टी ऐकू येत नव्हती. आणि ते कबूल करण्यापेक्षा ते थंड भाकरी खात राहिले होते.

त्यांच्या मुलानं बदलापूरहून येऊन चांगलं कानाचं यंत्र घेऊन दिलं. साडूंनी ते दोन दिवस वापरलं आणि तिसऱ्या दिवशी तांदळाच्या डबीत घालून, वर प्लास्टिक गुंडाळून सॅकमध्ये ठेवलं. ओल लागून खराब होईल, वेळेला लागेल, असं त्यांचं म्हणणं. पण हसू येण्यासारखी गोष्ट तेवढीच राहिली. सॅक माळ्यावर गेली. मागच्याची हाक ज्याला ऐकू येत नाही त्यानं पुढे चालू नये, असं त्यांनीच ठरवलं, आणि पुढे चालायचं नाही तर डोंगरावर जायचंच नाही, हेही त्यांनीच ठरवलं. मी गेलो की ओटीवर बसलेले असायचे. माझ्या गाडीत स्टेपनी आहे का, हेसुद्धा त्यांनी विचारणं सोडलं. अक्का मला एकदा हळूच म्हणाल्या, की हे घरात असे बसले तर फार दिवस बसायचे नाहीत. मला फार वाईट वाटलं, आणि करण्यासारखं काही सुचेना.

या वर्षी आवणी उरकली. आम्ही नेहमीप्रमाणे गेलो, पण फक्त जेवायला जावं तसे. पोचलो तर अक्का स्टुलावर चढून माळ्यावरची सॅक ओढत होत्या. त्यांनी निळा दोर बाहेर काढला, साडूंना ओटीवरून उठवलं आणि दोराचं एक टोक त्यांच्या कमरेला बांधलं. दुसरं आपल्या मनगटाला गुंडाळलं.

"वाडी हसंल गो," साडू म्हणाले.

"हसू दे. तुमी फुडं चाला."

वाडी हसली. बांधलेला नवरा डोंगराकडे चाललेला बघून म्हशीवाले घराबाहेर आले. आमची वरात त्यांच्या दारावरून गेली. पुढे साडू काठी आपटत, मागे अक्का, मध्ये दोर. पहिल्या चढालाच अक्कांनी नियम सांगून टाकले. एक हिसका म्हणजे थांबा, दोन म्हणजे भाकरी खाऊ. साडू कुरकुरले, की दोराची भाषा अशी नसते, एक म्हणजे मी इथं आहे, हे ठरलेलं आहे. पण पावलं जोरात पडत होती. ओहोळाशी त्यांनी माझ्या बायकोला हात धरून पलीकडे नेलं आणि माझ्या बुटांचे तळ तपासून नापास केले. मला जे बरं वाटलं ते सांगता येत नाही.

पठारावर पोचायच्या आधी धुकं उतरलं. साडू चार पावलांवर होते, ते दिसेनासे झाले. दोर तेवढा धुक्यात शिरलेला दिसत होता. अक्कांनी त्याला तीन हिसके दिले. मी घाबरून विचारलं, काय झालं? गुडघा का?

"काय नाय," अक्का म्हणाल्या. "बघते, हायेत ना."

दोर थोडा वेळ तसाच राहिला. मग पलीकडून एक हिसका आला, लांब आणि सावकाश.