वादळानं धुतलेली हवा

आमच्या ह्यांची छाती सौंसरच्या एका जिनिंग कारखान्यात खराब झाली. कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली, आणि शेवटी अंगणापर्यंत चालणंही होईना. ते गेल्यापासून हवेत उडणाऱ्या बारीक गोष्टींची मला धास्तीच बसली. आणि माझी मुलगी नेमकं तेच शिकायला निघाली.

समुद्रावरच्या हवेतले कण तपासायला जहाजावर जायच्या आधी ती घरी आली होती. संत्रं सोलता सोलता मी विचारलं, "समुद्रावर कुठची आली धूळ?"

"धूळ नाई आई. समुद्रात डोळ्यानं न दिसणारं शेवाळ असते. त्यातून वायू निघते. उन्हानं तो बदलते, मंग त्याचे रेणू एकमेकाले चिकटतात. जिथं काहीच नव्हतं, तिथं कण तयार होते. तो वाढला का त्याच्यावर पाणी जमते, अन् ढग बनते."

"अन् तो तुह्या छातीत गेला त?"

"तिथली हवा आपल्याहून साफ असते," ती हसली. मला हसू आलं नाही.

ती गेली. रोज मेसेज यायचा. मग एका सकाळी टीव्हीवर बातमी आली, अरबी समुद्रात वादळ उठलं. मेसेज बंद झाले. शेजारीण म्हणाली, "एवढं काहून लावून घेऊन राहिली जिवाले?" पण भाकर थापता थापता मी पिठाच्या हातानं फोन उचलून पाही. मी आयुष्यात पाणी पाहिलं ते जाम नदीचं. समुद्र किती मोठा, याचा अंदाजच येईना, म्हणून भीती आणखी वाढे.

शेवटी बस धरून पांढुर्ण्याला तिच्या कॉलेजच्या सरांकडे गेले. त्यांनी तिला जहाजावर पाठवणाऱ्या संस्थेत फोन लावला. बोलता बोलता ते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. पाठ का केली? मी तिथंच पायरीवर बसले.

"जहाज वादळातून निघालं, काकू," ते म्हणाले. मग थांबून, "एक जण जखमी आहे. कोण, ते कळलं नाही."

परतीच्या बसमध्ये फोन वाजला.

"आई, मी बोलून राहिली." मनगट मोडलं होतं तिचं. मशीनसाठी हवा खेचायची नळी तुंबली म्हणून डेकवर गेली, लाटेनं आपटली. कमरेला जहाजाशी बांधलेला पट्टा होता म्हणून वाचली. "पण आई, पावसानं सारी हवा धुतली, जुने कण गेले. आज ऊन निघालं अन् त्या साफ हवेत नवे कण जन्मले! मशीनवर दिसले आम्हाले!"

बोलता बोलता ती रडायला लागली. "मी लय भेली होती, आई."

"मीबी," मी म्हणाले. सारी बस माझ्याकडे पाहत होती.

प्लास्टर निघाल्यावर ती पुन्हा गेली. मी अडवलं नाही. सकाळी उठल्याबरोबर हवामानाच्या बातम्या तेवढ्या लावते.