जाऊबाईंची भूक

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मोठ्या जाऊबाई काय खातात, किती खातात, हे मला कितीतरी दिवस कळलंच नाही. आधी मामाजी जेवायचे, म्हणजे माझे सासरे. मग माझे दीर आणि नवरा, मग मुलं, मग आत्याबाई, म्हणजे सासूबाई. सगळ्यांचं आटोपलं की जाऊबाई मला ताट वाढून द्यायच्या आणि स्वतः तव्याजवळच उरलेली भाकर भाजीच्या कढईत फिरवून उठायच्या. ‘बसा ना ताई,’ म्हटलं तर म्हणायच्या, ‘झालं वं माहं.’

वाशीम शहराला लागून आमचं भाजीपाल्याचं वावर आहे. वांगी, भेंडी, मेथी, सांबार, म्हणजे कोथिंबीर. माल काढायचा बायकांनी आणि बाजारात न्यायचा पुरुषांनी, अशी वाटणी. मेथीची जुडी बांधावी ती जाऊबाईंनीच. बोलता बोलता त्यांची बोटं चालायची आणि एकसारख्या जुड्यांची रास लागायची.

त्या बोटांनीच आधी दगा दिला. एका उन्हाळ्यात त्यांचे हात सुजायला लागले. सकाळी मूठ वळेना. अंगात बारीक ताप, गालांवर लाल चट्टे. गावातल्या डॉक्टरांनी वात म्हणून औषधं दिली, कोणी तेल सांगितलं, कोणी पथ्य. शेवटी अकोल्याच्या एका मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासून आजाराचं नाव सांगितलं. ते नाव आमच्यापैकी कोणाच्याच तोंडात बसलं नाही, पण अर्थ त्यांनी सोपा करून सांगितला. शरीर आपल्याच सांध्यांशी भांडायला लागलंय. हे मुळासकट जाणार नाही, पण ताब्यात ठेवता येईल. मग त्यांनी स्टिरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या. ‘भूक वाढेल,’ ते म्हणाले. ‘मीठ आणि साखर सांभाळा. आणि गोळी मनाने बंद करायची नाही.’

भूक वाढेल हे ऐकून आत्याबाईंना आनंदच झाला. ‘बरं झालं बाप्पा,’ त्या म्हणाल्या, ‘वाळून काडी झाली होती.’

गोळ्यांनी गुण लवकर दाखवला. एका सकाळी जाऊबाई मेथीच्या ढिगाशी बसल्या आणि त्यांनी एक जुडी बांधली. मग दुसरी. माझ्याकडे पाहून हसल्या आणि पदराने डोळे पुसले. पण त्याच आठवड्यात भूकही आली.

एका भाकरीवर उठणारी बाई तीन भाकरी खाऊ लागली. भांडी घासून होत नाहीत तोवर पोट पुन्हा मागायचं. खारट तर इतकं हवंसं वाटायचं की लोणच्याची बरणी दिसली तरी तोंडाला पाणी सुटायचं. एकदा मला म्हणाल्या, ‘ही भूक नाई वं. भूक लागली का मानूस खाते अन् उठते. हा हुकूम हाय. खाऊन उठली का परत हुकूम.’

एका दुपारी मी पीठ काढायला मागच्या खोलीत गेले. तिथे ठेवणीचे डबे असायचे. जाऊबाई अंधारात उभ्या होत्या. एका हातात कच्ची कुरडई, दुसऱ्या मुठीत गूळ-शेंगदाणे. तोंड भरलेलं, त्यामुळे बोलता येईना, आणि डोळ्यांत पाणी. मी डब्यातून मूठभर शेंगदाणे घेतले आणि त्यांच्या शेजारी उभी राहून खाल्ले.

चेहरा गोल झाला, मान भरली. येणारे-जाणारे म्हणायचे, तब्येत सुधारली. त्या हसून घ्यायच्या. पण इंझोरी गावच्या काकूसासू, म्हणजे आमच्या चुलतसासूबाई आल्या आणि ओसरीवर बसून मोठ्यानं बोलल्या, ‘आजारी हाय म्हंते अन् तोंड तं पाहा कसं टम्म फुगलं! खानं काई कमी दिसत नाई.’ आत जाऊबाई चहा गाळत होत्या. त्यांनी चहा नेऊन दिला, वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोळ्या बंद केल्या. हे आम्हाला नंतर कळलं.

थोड्याच दिवसांत त्यांना उलट्या सुरू झाल्या, चक्कर यायला लागली. आम्हाला वाटलं उन्हानं असेल. मग एका सकाळी वांगी तोडता तोडता त्या सरीतच कोसळल्या. टोपलं कलंडलं, वांगी मातीत पसरली. मी हाका मारल्या तर डोळे उघडत होत्या, पण उठण्याचं त्राण नव्हतं.

अकोल्याला दाखल केलं. डॉक्टर म्हणाले, शरीराला या गोळीची सवय झालेली असते, एकदम तोडली तर जिवावर बेततं. कमी करायची तर हळूहळू, आणि ते आम्ही ठरवू. मग त्यांनी विचारलं, ‘बंद का केली?’

जाऊबाई छताकडे पाहत म्हणाल्या, ‘भूक आवरे ना. लाज वाटे.’

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि खाटेजवळ बसले. म्हणाले, ‘ही भूक गोळीची आहे, तुमची नाही. यात लाजायचं काय? पोट मागणारच. त्याला काय द्यायचं, ते मात्र तुमच्या हातात आहे.’ नंतर तिथल्या आहाराचा सल्ला देणाऱ्या बाईंनी बराच वेळ समजावलं. जाऊबाई एकेक गोष्ट परत विचारून घेत होत्या.

घरी परतताना पातूर गेलं, वाशीमजवळचं मालेगाव गेलं. मग जाऊबाई गाडीतच एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘आता लपून खायाचं नाई. उभ्यानं खायाचं नाई. जे खाईन ते ताट घेऊन, खाली बसून, सगळ्याइच्या समोर.’ आवाज बारीक होता, पण असा आवाज मी त्यांचा आधी कधी ऐकला नव्हता.

गोळी सकाळी लवकर आणि पोटात अन्न घालूनच घ्यायची होती. आणि आमच्या घरात मामाजींच्या आधी कोणी ताटाला हात लावत नसे. दुसऱ्या सकाळी मी पीठ मळत होते. आत्याबाई चुलीशी होत्या. जाऊबाईंनी फळीवरून आपलं ताट काढलं आणि चुलीसमोर येऊन बसल्या.

आत्याबाईंचा हात थांबला. ‘अवं, त्याइच्या पोटात अजून काई नाई गेलं.’

‘मले माहीत हाय, आत्याबाई. पन गोळी मामाजीची वाट नाई पाहत. आज नाई खाल्लं तं उद्या तुमालेच मले उचलून न्या लागन.’

आत्याबाईंनी जाळ मागे ओढला. मग त्यांनी तव्यावरची भाकर काढली, जाऊबाईंच्या ताटात ठेवली, आणि बाजूला मेथीच्या भाजीचा ढीग घातला. म्हणाल्या, ‘सावकाश खा.’

तेवढ्यात मामाजी दारात आले. ताटाशी बसलेली सून त्यांनी पाहिली आणि धुतलेले पाय परत धुवायला न्हाणीकडे निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून ते जेवायला थोडे उशिरा येऊ लागले.

पुढे जे मी रोज पाहिलं, त्यासाठी मला जाऊबाईंचं आजही कौतुक वाटतं. आजार तर कोणालाही होतो. पण दिवसभर पोट ओरडत असताना शहाणपणानं वागणं किती अवघड, हे शेजारी बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यांनी भाकर एक ठेवली आणि भाजी दुप्पट केली. मूग भिजवून, वाफवून वाटीत तयार असायचे. मिठाची चव जिऱ्या-लसणानं, लिंबानं, मूठभर सांबारानं भरून काढायच्या. पहिले काही दिवस ती भाजी आमच्यानं खाववेना. मग सवय झाली आणि मामाजींचं मीठही कमी झालं.

आणि मधेच हुकूम आला की त्या तांब्याभर पाणी प्यायच्या आणि जुड्या बांधायला बसायच्या. ‘हे टोपलं भरू दे,’ स्वतःलाच सांगायच्या, ‘तवरी टिकला हुकूम तं खाऊ.’ बहुतेक वेळा टोपलं भरेपर्यंत पोट गप्प व्हायचं. नाही झालं तर खरंच ताटली घेऊन बसायच्या. कधी फुटाणे, कधी काकडी. खारटाचं वेड मात्र त्यांनी पुरतं मारलं नाही. बाजाराच्या दिवशी एक पापड, जाळावर भाजलेला. त्याचे इवले इवले तुकडे करून अशा मन लावून खायच्या की मुलं बघत बसायची.

सगळे दिवस साधले असं नाही. एकदा दिवाळीचा चिवडा त्यांनी दुपारभरात अर्धा डबा संपवला. संध्याकाळी सगळे जमलेले असताना आपणच सांगितलं, ‘आज मी हारली. चिवडा खाल्ला लय.’ आत्याबाई म्हणाल्या, ‘डबा वर ठेवून देते आता.’ जाऊबाई म्हणाल्या, ‘नका ठेवू. वर चढून खाईन, अन् पडन.’ आम्ही इतके हसलो की मामाजी बाहेरून विचारत होते काय झालं. सकाळी पुन्हा तेच ताट, तीच एक भाकर.

मग किन्हीराजा गावी मामाजींच्या बहिणीच्या शेतात रोडग्यांचा स्वयंपाक निघाला. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे जाड रोडगे, वरून तूप, वरण आणि तर्रीदार वांग्याची भाजी. जाऊबाई आजारी पडल्यापासून रोडग्यांची आठवण काढत होत्या. मला वाटलं, येणार नाहीत. पण त्या घरून वाटीभर मूग खाऊन निघाल्या आणि पंगतीत माझ्याशेजारी बसल्या. एक रोडगा घेतला. तो कुस्करून वरणात कालवला आणि डोळे मिटून पहिला घास घेतला.

समोर इंझोरीच्या काकूसासू होत्या. ‘बाप्पा, अजून भरली तू तं!’ त्या म्हणाल्या.

जाऊबाई म्हणाल्या, ‘हे औषधानं हाय, काकू. अन् भूकबी माही नाई, गोळीची हाय.’ तेवढ्यात वाढणारी रोडगा घेऊन आली, तर ताटावर हात आडवा धरून तिला म्हणाल्या, ‘गोळीले एक देल्ला. आता तिले बस.’ बायका हसल्या. जाऊबाईही हसल्या, आणि उरलेला रोडगा निवांत संपवला.

हात धुताना काकूसासू त्यांच्याजवळ आल्या. आवाज खाली होता. ‘मले शुगर हाय,’ त्या म्हणाल्या. ‘घरच्याइले न दाखवता गोड खाते मी. राहवत नाई वं.’ मला वाटलं, आता जाऊबाई जुनं उकरतील. त्यांनी काकूंचा हात धरला, दोघी चिंचेखाली जाऊन बसल्या. गाडी निघायची वेळ झाली तरी त्यांचं बोलणं चालूच होतं. मी बोलवायला गेले तेव्हा जाऊबाई सांगत होत्या, ‘पहिले तं सुनेले सांगा. एकटीनं नाई होत हे.’

डॉक्टरांनी हळूहळू गोळी उतरवली, तशी भूकही उतरली. गालांची हाडं पुन्हा दिसू लागली. एका दुपारी मीच आठवण केली, ‘ताई, तुमचं खायचं राहिलं.’ त्या हातातली जुडी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. ‘भूकच नाई लागली वं,’ म्हणाल्या. मग उठून ताट घेतलं आणि वेळेवर जेवल्या.

पण हा आजार घर सोडून जाणारा नाही. यंदा पावसाळा संपता संपता बोटं पुन्हा सुजली. मी त्यांच्यासोबत अकोल्याला गेले. डॉक्टरांनी तपासलं आणि गोळी परत वाढवली. बाहेर आलो तेव्हा मलाच रडू येत होतं. आता पुन्हा तो हुकूम, पुन्हा ते सगळं. जाऊबाई दवाखान्याच्या पायरीवर थोडा वेळ बसल्या. पिशवीतून डबा काढला, फुटाणे खाल्ले, थोडे माझ्या हातावर ठेवले. मग समोरच्या हातगाडीकडे पाहून उठल्या.

‘चाल, काकड्या घेऊ,’ म्हणाल्या. ‘आपल्या वावरातल्या तं अजून फुलावरच हायेत.’