थंडीबाईंचं शेवाळ

गल्लीतली पोरं तिला थंडीबाई म्हणत आणि तिला ते मनापासून आवडायचं. ती फ्रिज दुरुस्त करायची. धंदा वडिलांचा, हत्यारांची पेटीही वडिलांचीच, आणि हात सत्तावीस वर्षं मुरलेला. नवीन गिऱ्हाईक दार उघडताच तिच्या खांद्यावरून मागे बघायचं.

"मिस्त्री मागून येतायत ना?"

"मिस्त्री पुढूनच आलेत," म्हणत ती थेट स्वयंपाकघरात शिरायची. फ्रिजच्या पोटाला कान लावून ऐकायची, आणि निघताना प्रत्येकाला तेच सांगायची, "भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. फ्रिज आतली गरमी बाहेर फेकतो. तिला जायला जागा नको?"

हे सगळ्या जगाला सांगणारी बाई स्वतः मात्र विसरली. तीही नेमकी लेकीच्या बाबतीत.

लेक कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती. वर्गाबरोबर सहा आठवडे डोंगरात जाताना ती आईच्या हाती एक काचपेटी सोपवून गेली. आत स्फॅग्नम होतं, दलदलीत वाढणारं शेवाळ. लहान लहान हिरव्या चांदण्यांची मऊ गादीच. दोन वर्षांपूर्वी सरांनी दिलेली चिमूट तिने वाढवून ताटभर केली होती. सरांकडचं मूळचं केव्हाच मेलं होतं, म्हणजे होतं ते एवढंच. परतल्यावर तिसऱ्या दिवशी ते सरांपुढे ठेवायचं होतं, आणि वर्षभराचा प्रकल्प त्याच्यावरच उभा होता.

"आई, फक्त ऊन लागू देऊ नकोस. बाकी काही करू नकोस."

बाकी काही न करणं हेच तर या बाईला जमत नसे. लेक गेल्यावर चौथ्याच दिवशी उन्हाने डोळे वटारले. गॅलरी तापली. तिने पेटी उचलली, कामाच्या खोलीत आणली, आणि तेवढ्यात आइस्क्रीमवाल्याचा फोन आला की सगळा माल वितळतोय. घाईत तिने चहूकडे पाहिलं. कोपऱ्यात सरबतवाल्याचा काचेच्या दाराचा उंच फ्रिज चाचणीसाठी रात्रंदिवस चालू होता. थंड म्हणजे फ्रिज! तिने पेटी त्याच्या डोक्यावर ठेवली, झाकण घट्ट लावलं आणि पळाली. त्या फ्रिजचा गरमी फेकणारा कॉम्प्रेसरही डोक्यावरच होता.

दोन दिवसांनी तिने पेटी खाली काढली. आत कापूस होता. पांढरा, कुरकुरीत कापूस.

नवरा खालच्या बेकरीतून आला तेव्हा ती स्टुलावर बसून पेटीकडे टक लावून बघत होती.

"कुठे ठेवली होतीस?"

"फ्रिजवर."

नवऱ्याने बराच वेळ ओठ दाबून धरले. मग त्याला राहवलं नाही. "वीतभर जागा सोडली होतीस ना?"

तिने पाना उचलला. तो पळाला.

एरवी ती लेकीला दिवसातून चार फोन करायची: जेवलीस का, पांघरूण आहे ना, चप्पल निसरडी नाही ना. त्या दिवशी एकही केला नाही. संध्याकाळी लेकीचाच आला.

"आई, कोण आजारी आहे?"

"कोणी नाही गं. शेवाळ मजेत आहे."

"मी शेवाळाचं कुठे विचारलं? बरं, फोटो पाठव."

हिने पहिल्या दिवशी काढून ठेवलेला फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशीही तोच, थोडा कापून. तिसऱ्या दिवशी थोडा वाकडा करून.

"आई," लेक म्हणाली, "त्या काचेवरची माशी तीन दिवस तिथेच बसलीय."

मग मात्र थंडीबाईंचा बांध फुटला. रडत, नाक ओढत तिने सगळं सांगून टाकलं. तिला वाटलं, पोरगी आता बोलणारच नाही आपल्याशी.

"काळं पडलंय? कुजका वास येतोय?"

"नाही. पांढरं."

"मग थांब. भिंग घे आणि एकेक शेंडा बघ."

फ्रिजच्या पाटीवरची बारीक अक्षरं वाचायचं भिंग घेऊन ती तासभर वाकली. पेटीच्या एका कोपऱ्यात, खाली दडलेले, अकरा शेंडे अजून हिरवट होते.

"अकरा! अगं, अकरा जिवंत आहेत!"

"ते हलक्या हाताने कापून वर मांड. पांढरं फेकू नकोस, जुन्या देठांतूनही कोंब येतात कधीकधी. गार जागा, उजेड हवा पण ऊन नको, वर झाकण आणि त्याला फट. खत नाही. नळाचं पाणी तर अजिबात नाही, त्यातल्या क्षारांनी ते मरतं. आणि आई, दर तासाला उचलून बघायचं नाही!"

गार जागा म्हटल्यावर थंडीबाईंच्या अंगात वारं संचारलं. ज्याने मारलं त्यालाच तिने कामाला लावलं. सरबतवाल्याच्या फ्रिजचा थर्मोस्टॅट बदलून आत अठरा अंशांवर गारवा बांधला, दिवसा ट्यूब, रात्री अंधार. झाकण नवऱ्याच्या बेकरीतल्या केकच्या डब्याचं. आणि पाणी? फ्रिजरमध्ये साचतो तो भुसभुशीत बर्फ म्हणजे हवेतली वाफच की! त्यात क्षार कुठले? गिऱ्हाइकाकडे स्वच्छ फ्रिजर दिसला की ती वाटी पुढे करायची.

"बाई, बर्फ हवाय तर ट्रेमधला घ्या ना."

"नको, कडेचा खरवडून द्या."

सरबतवाला फ्रिज न्यायला आला. त्याने काचेतून पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"माझ्या फ्रिजमध्ये गवत का आहे?"

"चाचणी चालू आहे."

"अजून?"

"भाऊ, नाजूक केस आहे," म्हणून तिने आपला घरचा फ्रिज त्याला वापरायला दिला. घरातलं दूध रोज उतू जाईपर्यंत उकळावं लागलं, पण नवरा चकार शब्द बोलला नाही. पाना हाताशीच असायचा.

तिने सवयीने दुरुस्तीचं कार्डही लिहिलं. तक्रार: पांढरं पडणे. कारण: मालकिणीची आई. पुढे रोजची नोंद: तापमान, किती चमचे पाणी, किती वेळा उचलून बघितलं. पहिल्या दिवशी एकोणीस वेळा. आठव्या दिवशी चार.

तेविसाव्या दिवशी सकाळी पांढऱ्या देठावर एक ठिपका दिसला, मोहरीपेक्षा लहान. तिने भिंग पुसलं. ठिपका हिरवाच राहिला. त्याच्या शेजारी दुसरा. तिने किंचाळून नवऱ्याला हाक मारली, तो अंगावर पीठ घेऊन धावत आला, आणि दोघं त्या अरुंद खोलीत हात धरून असे नाचले की पाने, नळ्या, स्क्रू सगळे खाली सांडले. शेजारीण खिडकीतून ओरडली, "काय झालं?"

"कोंब आला!"

"अगं बाई! कोणाला?"

लेक आली ती पाठीवरची पिशवीही न उतरवता फ्रिजपुढे बसली. ताटभर नव्हतंच आता. जेमतेम बशीभर हिरवं, बाकी पांढरं. मग फ्रिजजवळचं कार्ड उचलून तिने वरपासून खालपर्यंत वाचलं.

"आई, हे कार्ड मला दे," शेवटी ती म्हणाली. "सरांना दाखवायचंय."

तिसऱ्या दिवशी पेटी मांडीवर घेऊन थंडीबाई स्वतः कॉलेजात गेली. दुसऱ्या कोणाच्या हाती देणं शक्यच नव्हतं. सरांनी भिंगातून ठिपके मोजले, मग कार्ड पहिल्यापासून वाचलं, आणि एकोणीसच्या आकड्याशी येऊन मोठ्याने हसले.

"प्रकल्प चालू ठेवायचा," ते लेकीला म्हणाले. "आता याचं बरं होणंच मोजायचं. पण इतक्या नेमक्या नोंदी केल्या कोणी? हे मिस्त्री मागून येतायत का?"

लेकीने आईकडे बोट केलं. पण आईचं लक्ष तिकडे नव्हतंच. ती प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातला फ्रिज दोन्ही हातांनी भिंतीपासून वीतभर पुढे ओढत होती.