फडावर न गेलेली गाडी

कौसाबाई पेशंटच्या तळहातावर गोळ्या ठेवत, तांब्या पुढे करत आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहत. गोळ्या गेल्या की म्हणत, "आता नाव घ्या." बाईने नवऱ्याचं, पुरुषाने बायकोचं, लग्नात घेतात तसं यमक जुळवून. क्षयाच्या गोळ्यांनी पोटात ढवळतं, म्हणून त्या गालात धरून मागच्या दारी थुंकणारे पुष्कळ. "गालात गोळी धरून उखाना येत न्हाई सर," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सत्तरीचे दगडूतात्या लाजून भिंतीकडे तोंड करत. कौसाबाई म्हणायच्या, "तात्या, भिंतीला काय सांगता? काकू हितं बसल्यात. चाळीस वर्सं त्यांनी आयकलं न्हाई, आता तरी आयकू द्या." काकू पदरात तोंड लपवून हसत आणि तात्यांच्या औषधाचा एक दिवस पदरात पडे.

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या संस्थेच्या कार्यालयाचा मी प्रमुख होतो. औषधं सरकारची, ती माणसाच्या पोटात जातात का, हे बघण्याचं काम आमचं. त्यासाठीचा पैसा परदेशातून यायचा. कौसाबाई सातवी शिकलेल्या, लवकर नवरा गेलेल्या, स्वतः क्षयातून उठलेल्या. कागद भरायला त्यांना कंटाळा. मी रागावलो की म्हणायच्या, "कागुद खोकत न्हाई सर. खोकनाऱ्याकडं आदी जाऊन येते."

दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी गावं रिकामी होतात. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकमध्ये बसून श्रीरामपूर, बेलापूर आणि त्याच्याही पुढे जातात. त्यांच्यात आमचे पेशंट असत. म्हणून संस्थेची जीप दर आठवड्याला फडांवर, ऊसतोड चाललेल्या शेतांवर, जायची. मागच्या सीटवर गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन कौसाबाई बसलेल्या असायच्या.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास त्या सुनंदाचा प्रश्न घेऊन माझ्याकडे आल्या. सुनंदा चोवीस-पंचवीसची. दोन महिन्यांच्या औषधाने तिचा ताप गेला होता, अंगावर थोडं मांस आलं होतं. तिची आई गावातच होती, लेकीला ठेवून घ्यायला तयार होती. उपकेंद्राच्या नर्सबाईंनी गोळ्या दिल्या असत्या. पण ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. ती गेली नाही तर मुकादम नवऱ्यालाही नेणार नव्हता. कौसाबाईंनी विचारलं, "सर, तिला जाऊ देऊ का? यंदा आपली गाडी जाईल ना फडावर?"

मी म्हणालो, "जाईल."

परदेशातून येणारी मदत वर्षअखेर थांबणार, असं पत्र तेव्हा माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. मुंबईच्या कार्यालयाने ते कुणाला सांगू नका असं म्हटलं नव्हतं. ते मीच ठरवलं. दुसरी सोय होईल अशी मी स्वतःची समजूत घातली होती. त्याखालचं खरं कारण असं, की बातमी फुटली तर आमची माणसं दुसरी कामं शोधतील, पेशंटकडच्या भेटी कमी होतील आणि माझ्या शेवटच्या अहवालातले आकडे घसरतील. ते मला नको होतं.

डिसेंबरच्या शेवटी मी सगळ्यांना बसवून पत्र वाचून दाखवलं. कुणी रडलं, कुणी मुंबईला शिव्या दिल्या. कौसाबाईंनी एवढंच विचारलं, "गाडी कवापास्नं बंद?" मी म्हणालो, आजपासून. त्या उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या एसटीने बेलापूरकडे निघाल्या. सुनंदाची टोळी तिथून हलली होती. फोन लागत नव्हता. एका फडावरून दुसऱ्या फडावर, ट्रॅक्टरवाल्यांना विचारत, कधी उसाच्या ट्रॉलीवर बसून त्या तीन-चार आठवडे फिरल्या. सापडली तेव्हा सुनंदा उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत पडलेली होती. गोळ्या संपून वीस-बावीस दिवस झाले होते. कौसामावशीची गाडी आज येईल, उद्या येईल, म्हणून तिने जवळच्या दवाखान्यात विचारलंच नव्हतं. त्यांनी तिला सरकारी रुग्णालयात आणलं. फाल्गुनात ती गेली.

मी कौसाबाईंच्या घरी गेलो तो त्यानंतर महिनाभराने. तोवर मला पुण्याला दुसऱ्या संस्थेत काम मिळालं होतं. त्यांनी चटई टाकली, चहा ठेवला. मदत कशी अचानक आटली, कितीतरी संस्था कशा बंद पडल्या, असं मी बराच वेळ बोललो. त्या चहा गाळत ऐकत होत्या.

"सर, पैसा थांबला त्येचं मला काय न्हाई," त्या म्हणाल्या. "कुन्या देशातल्या लोकांनी इतकी वर्सं दिला, त्येच लई. त्यान्ला सुनंदा ठाव न्हवती. तुमाला ठाव हुती."

त्यांनी गाळणी बाजूला ठेवली.

"दसऱ्याला तुमी खरं सांगितलं आसतं, तर मी तिला आईपाशी ठिवली आसती. नर्सबाईच्या हवाली केली आसती. माझ्या सबुदावर गेली ती. अन् माझा सबुद तुमचा हुता." कप माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "घ्या. निवंल."

नंतर मी त्यांना कधी फोन केला नाही. त्यांनीही केला नाही.

पुण्यातल्या संस्थेलाही बाहेरूनच पैसा येतो. गेल्या महिन्यात तसंच एक पत्र आलं. ते सकाळी दहाला माझ्या हातात पडलं. सगळ्या कार्यकर्त्यांना बोलावून मी ते वाचून दाखवलं, तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. मधले सात तास ते माझ्या ड्रॉवरमध्ये होतं.