गुरुवारी वाजलेली बेल

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. प्रोग्रॅम चुकला तर त्याला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं. याच विश्वासावर आयुष्य काढलं. या सदरातले गूढ अनुभव मी चहाबरोबर वाचायचो आणि हसून पान उलटायचो. आज स्वतःच लिहायला बसलोय. हे मी बायकोलाही पूर्ण सांगितलेलं नाही...

हिंजवडीत तेव्हा एकेक काचेची इमारत उभी राहत होती आणि आमच्या छोट्या कंपनीला जर्मनीचं पहिलं मोठं काम मिळालं होतं. क्लायंटने त्यांचा एक इंजिनिअर, मार्टिन, वर्षभरासाठी पुण्यात पाठवला. त्याला इथे सांभाळायची जबाबदारी माझ्यावर. साहेबांनी बजावलं होतं, "तो वैतागून परत गेला तर प्रोजेक्टही गेलं समजा."

मार्टिनला परदेशी लोकांच्या वस्तीत राहायचं नव्हतं. म्हणून कोथरूडच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन दिला. हॉर्न, धूळ, तिखट हे सगळं त्याने सोसलं. त्याला सोसवेना तो आपला 'हो'. प्लंबर 'उद्या नक्की' म्हणायचा, हा रजा टाकून घरी बसायचा, प्लंबर यायचा नाही. गॅसवाल्याला फोन केला की 'माणूस निघालाय', आणि माणूस दोन दिवसांनी.

"तुम्हा लोकांना नाही म्हणायला काय होतं?" तो मला विचारायचा. "नाही म्हणालात तर मी दुसरा मार्ग शोधीन. तुम्ही हो म्हणता, आणि मी थांबून राहतो."

मी हसायचो. "होईल सवय."

दुसरा त्रास बेलचा. त्या काळी घरोघरी असायची तशी चिमणीच्या आवाजाची बेल. पेपरवाला, कचरेवाली, इस्त्रीवाला, वर्गणीवाले... आणि रोज संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधले परचुरे काका. काका बँकेतून रिटायर झालेले, घरात एकटे. मुलगी लग्न करून जर्मनीत गेलेली, तेवढ्या धाग्यावर त्यांनी मार्टिनला आपलंसं केलं होतं. वाटीत कधी खिचडी, कधी शिकरण घेऊन हजर.

"अहो काका, आधी एक फोन करत जा त्याला," मी एकदा सुचवलं.

"समोरच्या दाराला फोन? मग मध्ये भिंतच घाला की. माझी पोरगी तिकडे रडते, वर्षभरात बेल कुणी वाजवली नाही म्हणून. आणि ह्याला वाजली म्हणून रडू येतंय!"

एकदा त्यांनी मार्टिनला आपल्या घराची जास्तीची किल्ली दिली. "बीपीचा माणूस मी. असू दे याच्याकडे."

मार्टिन हादरला. "हा माणूस मला किल्ली का देतो? मी त्याचा कोण?"

"ड्रॉवरमध्ये टाकून दे. इथे असंच असतं," मी म्हणालो. ती किल्ली कशासाठी असते हे त्याला समजावून सांगायला मला वेळ नव्हता.

शेवटी एका रविवारी मार्टिन म्हणाला, एकतर ही बेल राहील नाहीतर मी. मी पक्कड मागवली, बेलची वायर माझ्या हातांनी तोडली आणि दोन्ही टोकांना टेप गुंडाळली. काका आपल्या दारात उभे राहून बघत होते.

"वा! आता काय पोस्टाने यायचं आम्ही?"

त्यांनी नंतर एक-दोनदा दार ठोठावलं. मार्टिन कानात हेडफोन घालून बसलेला असायचा. मग काकांनी येणंच सोडलं.

आणि तो गुरुवार. पुण्यात गुरुवार म्हणजे लाइट जाण्याचा हक्काचा वार. मार्टिन पोट बिघडल्यामुळे घरीच होता. दुपारपर्यंत औषध घेऊन येतो, असं मी त्याला सकाळी सांगितलेलं. दुपारी मी ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवत होतो. फोन आला.

"बेल वाजतेय."

"कुणाची?"

"माझी. तू तोडलेली."

"शक्य नाही. आणि आज तुमच्याकडे लाइटही नाही."

"मला माहीत आहे. ऐक."

त्याने मोबाइल वर धरला असावा. माझ्या हातातला घास हातातच राहिला. चिमणीचा तोच आवाज, स्वच्छ... थांबला... पुन्हा सुरू झाला. घाईत असलेल्या माणसाने बटणावर बोट दाबून धरावं तसा.

"दाराच्या भोकातून कुणी दिसत नाही. दार उघडून बाहेर बघू?" त्याने विचारलं.

इथे मी फक्त 'बघ' म्हणायला हवं होतं. पण मला दिसलं ते वेगळंच. काहीतरी शॉर्ट सर्किट, परदेशी पाहुण्याला शॉक, आणि साहेब.

"नको! दाराला हात लावू नकोस, लाइट नसली तरी कुठून तरी करंट उतरला असेल. मी वाटेतच आहे. चांदणी चौकात पोचलोय."

"नक्की?"

"हो, हो. आलोच."

फोन ठेवून मी उरलेला भात संपवला. निघताना साहेबांनी एका मीटिंगला ओढलं. प्रत्यक्ष निघालो तेव्हा तासाहून जास्त वेळ गेला होता.

पोचलो तेव्हा मार्टिन दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलेला, चेहरा पांढराफटक. "सारखी वाजत होती. आत्ता थोड्या वेळापूर्वी थांबली," तो म्हणाला. मी स्टुलावर चढून पाहिलं. वायरची दोन टोकं एकमेकांपासून लांब, टेप मी गुंडाळली होती तशीच. बाहेरचं बटण तपासायला दार उघडलं, आणि समोर नजर गेली.

काकांच्या कडीला सकाळची दुधाची पिशवी तशीच लटकत होती.

मार्टिनला एकट्याला त्यात काही दिसलं नसतं, फार तर त्याने फोनवर मला सांगितलं असतं. पण आपल्यापैकी कुणालाही, भर दुपारी दाराला लटकलेलं दूध बघितलं की कळतं, आत काहीतरी झालंय.

"काका! अहो काका!" मी दार बडवलं. "मार्टिन, किल्ली! ती ड्रॉवरमधली किल्ली आण!"

काका स्वयंपाकघरात ओट्याखाली पडलेले होते. डोळे उघडे, तोंड एका बाजूला ओढलेलं. आम्ही दोघांनी उचलून त्यांना खाली आणलं, रिक्षात घातलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं. अशा केसमध्ये तासा-तासाने फरक पडतो."

दुसऱ्या दिवशी काका तुटक बोलले. मी कानाजवळ वाकून विचारलं, "काका, काल मार्टिनची बेल तुम्ही वाजवलीत?"

"कशी वाजवणार... पडलो तिथून हललोच नाही." मग छताकडे बघत म्हणाले, "मनात वाजवत होतो. म्हटलं, ह्यांनी तोडलीय... तरी आपण वाजवावी."

त्याच संध्याकाळी ते गेले.

मी खूप शोधलं. खालचा फ्लॅट बंद होता, वरच्यांची बेल 'ट्रिंग' वाजणारी. लाइट संध्याकाळपर्यंत आलीच नव्हती. बॅटरीवर वाजणारी दुसरी कुठली बेल मार्टिनच्या घरात नव्हती. मित्र म्हणतात, भास. पण एकाच वेळी कोथरूडमध्ये आणि हिंजवडीत, दोघांना एकच भास? इतकी वर्षं झाली, मला कारण सापडलेलं नाही. इथल्या कुणाला सापडलं तर जरूर कळवा.

मार्टिनने वर्ष पूर्ण केलं. त्यानंतर त्याने कशाचीच तक्रार केली नाही. मी त्याला एअरपोर्टवर सोडायला गेलो तेव्हा आत जाता जाता तो थांबला.

"त्या दिवशी फोनवर तुला बेल ऐकू आली होती ना?"

"आली होती."

"मलाही तुझ्याकडचं ऐकू येत होतं. ताटं, चमचे, कुणीतरी ताक मागत होतं." तो अगदी साधेपणाने माझ्याकडे बघत होता. "मी समजलो, चांदणी चौकात रस्त्याला लागून एखादं हॉटेल असेल. आहे ना तिथे?"

आणि मी म्हणालो, "हो."