वशिंडाचा रोबोट

औंदा बेंदराला बैल करायचे नाहीत, असं लीलाबाई कुंभारांनी ठरवून टाकलं होतं. साताऱ्याच्या अलीकडे, कृष्णेकाठच्या त्या गावात पन्नास वर्षं बैलांच्या या सणाला घरोघरी त्यांचेच मातीचे बैल पुजले गेले. पण गेल्या वर्षी एका जोडीतला डावा बैल पाटावर उभा राहीना. तीन पाय टेकत, चौथा अधांतरी. हात कापायला लागला होता. बेंदूर झाला की मुलगा अमृत त्यांना शहरात, विश्रामबागेतल्या आपल्या फ्लॅटवर कायमचं नेणार होता. बोचकंही बांधून तयार होतं.

बेंदराला चार दिवस राहिले असताना, मंगळवारी सकाळी, दारात गाडी थांबली. समोरच्या घरातल्या सुभेदार लालासाहेबांची लेक राजेश्वरी उतरली. आता पुण्याची; मागोमाग तिची सात वर्षांची प्रांजल. राजेश्वरीनं टॉवेलची घडी उलगडून वीतभर उंचीची एक मातीची आकृती ओट्यावर ठेवली. चौकोनी डोकं, रुंद छाती, पाठीवर हे एवढं वशिंड. उजवा हात खांद्यातून निखळलेला.

"आजी, एवढा हात जोडून द्या."

लीलाबाईंनी चष्मा पुसला. "आगं बाय! ह्यो अजून हाय?"

चोवीस वर्षांपूर्वी लालासाहेब पलटणीतून पेन्शनवर आले ते रंगीत टीव्ही घेऊनच. दर रविवारी सकाळी नऊ वाजता अख्ख्या आळीतली पोरं त्यांच्या सोप्यात दाटीवाटीनं बसत. कार्टून होतं यंत्रमानवांचं. पाण्याच्या टाकीएवढे उंच ते रोबोट माणसांच्या गावातच राहायचे. कुणाची गाडी चिखलातून उचलून द्यायचे, पूल खचला की खांदा लावायचे, आणि संध्याकाळी छपरांवर पाय पडू नये म्हणून गल्लीतून तिरके तिरके चालत घरी जायचे. लीलाबाई समोरच्या लिंबाखाली माती मळत बसत. खिडकीतून त्यांना अर्धामुर्धा पडदा दिसे, उरलेलं पोरांच्या आरड्यावरून कळे.

त्या वर्षी बेंदराला नऊ वर्षांच्या राजेश्वरीनं हट्ट धरला, की बैल नको, रोबोट पाहिजे.

"पाठ कशी असती गं त्येची?" लीलाबाईंनी विचारलं होतं. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पाठ कुणाच्याच ध्यानात नव्हती. तेव्हा लीलाबाईंनी आपल्या अकलेनं काम केलं. जो एवढं ओझं ओढतो त्याला वशिंड असणारच. नाहीतर जू ठरणार कुठं? पोरं पोट धरून हसली. लालासाहेब मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "लीलाबाई, खिल्लारी रोबोट केलात की!" पण पाटावर बैलांच्या शेजारी तोही बसला आणि त्यालाही पुरणपोळीचा निवद मिळाला.

दुसऱ्या दिवशी बैल नदीत सोडले. रोबोट मात्र राजेश्वरीच्या फ्रॉकात लपून राहिला आणि पुढच्या वर्षी ट्रंकेत बसून पाचगणीच्या शाळेत गेला.

"तिथल्या मुली हसायच्या," राजेश्वरी आता म्हणाली. "मी सांगायचे, आमच्याकडच्या रोबोटांना असतंच. रात्री घरची आठवण आली की उशाखाली त्याचं वशिंड चाचपायचे."

"पण आई, त्याला पाठीवर काही नसतं," प्रांजल मोबाइल पुढे करत म्हणाली. जुनं कार्टून आता त्यावर पुन्हा लागत होतं. "हे बघ, सपाट आहे."

लीलाबाईंनी पडदा निरखून पाहिला. चोवीस वर्षांनी पाठ दिसली होती. "मग ह्येची वझ्यानं पाठ सोलवटत आसंल," त्या ठामपणे म्हणाल्या.

मग त्यांनी निखळलेला हात खांद्याला लावून पाहिला आणि मान हलवली. "जुळायचा न्हाई. वाळल्या मातीला वली माती धरत न्हाई. सुकली की फट पडती. ह्यो भाजल्याला न्हाई, कच्चा हाय. भिजवायचा, मळायचा आन् नव्यानं करायचा, येवढीच वाट. पर बाय, माझा हात बघ." त्यांनी हात पुढे धरला. बोटं थरथरत होती. "मोडंल. पुन्यांदा हुबा ऱ्हाईलच आसं न्हाई. न्हेऊन ठीव तसाच."

राजेश्वरीनं वशिंड एकदा चाचपलं. मग तिनं घमेल्यात पाणी ओतलं आणि रोबोट स्वतःच्या हातानं त्यात आडवा ठेवला. वशिंड सगळ्यात शेवटी विरघळलं.

दुसऱ्या दिवशी लीलाबाईंनी घमेल्यातल्या गाळात थोडी नवी माती आणि लीद मिसळली. डोकं झालं, छाती झाली. पाय मात्र उभे राहीनात. एकदा कलला, दोनदा कलला, तिसऱ्यांदा तोंडावरच पडला. लीलाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी माती गोळा करून ओल्या फडक्याखाली झाकली आणि आत जाऊन बोचक्याच्या गाठीवर हात ठेवून बसल्या.

"आजी," प्रांजल दारातून म्हणाली, "ते रोबोट घरी गेले की डोंगराला टेकून बसतात. तुम्ही बसलेला करा ना."

लीलाबाई उठल्या. रवंथ करायला बसलेला बैल त्यांनी शेकडो वेळा केला होता. पाय पोटाशी घेतले, बूड रुंद केलं, हात मांडीवर टेकवले. थरथर मातीत उमटली, पण पडायला काही उरलंच नव्हतं. वशिंड अंगठ्यानं आपोआप वर आलं.

"दमलाय," त्या म्हणाल्या. "चोवीस वर्सं हुबा हुता."

बेंदराच्या दिवशी लालासाहेबांच्या घरी पाटावर तो एकटाच बसला होता. निवद दाखवून झाला, आणि अमृत गाडी घेऊन आला. लीलाबाई बोचक्याशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा गोळा घेऊन बसल्या होत्या.

"आई, हे कशाला?"

"त्ये ऱ्हाऊ दे. तुझ्या गॅलरीत नळ हाय का, त्येवढं सांग."