चंपाबाईच्या चटईवरच्या दुपारी

चंपा गजभिये पायाळू जन्मली. पवनीजवळच्या त्या गावात सुईणीला आधी तिचे इवलेसे तळपाय दिसले, मग ती. त्या दिवसापासून ज्याच्या पाठीत उसण भरे तो चंपाच्या दारी येऊन पालथा पडे. पायाळू माणसाची लाथ बसली की उसण पळते, असा सगळ्यांचा समज. चार वर्षांची चंपा भिंत धरून बाप्यांच्या पाठीवर चढायची, आणि उतरली की तिच्या हातावर गुळाचा खडा पडायचा. माणूस बरा होई की नाही, हे तिला ठाऊक नसे. पण कुठली पाठ कुठे ताठ आहे आणि कुठे सैल, हे तिच्या पायांना फार लवकर कळू लागलं.

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती भिलाईला आली, खुर्सीपारला. नवरा नागसेन तिथल्या पोलाद प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये होता. सासरे रामाजी त्याच मिलमधून रिटायर व्हायला आलेले, कडक आंबेडकरी माणूस. घरात ना गंडा, ना दोरा, ना उपास. सून पायाळू आहे ही बातमी गल्लीत फुटली आणि दुसऱ्याच दिवशी भंडाऱ्याकडची एक बाई पाठ धरत दारात आली. रामाजी उंबऱ्यातच उभे राहिले.

"आमच्या घरी हे चालत नाही," ते म्हणाले. "माणूस लाथेनं बरा होत नसते बाई. जा, दवाखान्यात दाखवा."

चंपा आतून ऐकत होती. तिला राग आला नाही, पण काहीतरी आपलं होतं ते दाराबाहेर राहिलं, असं वाटलं.

पुढच्या वर्षी रामाजीच गॅसचा सिलिंडर उचलायला गेले आणि वाकले ते वाकलेच. तीन दिवस गोळ्या झाल्या, मलम झालं. चौथ्या दिवशी सून टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल, कोमट करून घेऊन आली. निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधला, आणि सासऱ्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसली. तळपायांना जे ठाऊक होतं ते बोटांना शिकवायला तिला अर्धा तास लागला. कमरेच्या उजव्या बाजूला शीर दोरीसारखी ताणली होती. तिथे अंगठा ठेवून ती नुसती थांबली, रामाजींचा श्वास सुटेपर्यंत. संध्याकाळी ते उठून बसले.

"पाय नाही ना लावला?" त्यांनी विचारलं.

"नाही मामाजी. हात लावला."

"मंग काही हरकत नाही. हाताचं काम, ते काम आहे."

तिथून चंपाचे हात कामाला लागले ते लागलेच. प्लांटातले ठेकेदारीतले मजूर, हमाल, बाळंतिणी, आंध्राकडचे, ओडिशाकडचे, सगळे यायचे. छत्तीसगढी बाया दारातूनच हाक मारायच्या, "दाई, कनिहा पिराथे ओ," आणि कंबर धरून चटईवर पडायच्या. मोडलेल्या हाडाला ती कधी हात लावत नसे. लचक, चमक, आखडलेली मान, एवढंच तिचं राज्य. वर्षं गेली. रामाजी गेले. मुलगे लग्नं होऊन रायपूरकडे गेले, घरी आले की हिंदीतच बोलायचे. नागसेन रिटायर झाला तेव्हा मिलच्या आवाजानं त्याचे कान गेलेले. त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडून काही सगळंच बोलता येत नाही.

अशा दिवसांत साधनाताई आल्या.

साधना वैरागडे हुडको कॉलनीत राहायच्या. नवरा श्यामराव प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते, वारून दोन वर्षं झालेली. एकुलता मुलगा अभिनव नागपूरला नोकरीत. घरात एकट्या. मान आखडली म्हणून कुणीतरी चंपाचं नाव सांगितलं, आणि त्या रिक्षातून उतरल्या त्या नाकावर रुमाल धरूनच. गल्लीतली नाली उघडी होती. मालिश झाल्यावर चंपानं चहा पुढे केला.

"नको, आत्ताच घेऊन आली मी," साधनाताई म्हणाल्या.

चंपानं कप उचलून आत नेला. असे कप तिनं आयुष्यात बरेच नेले होते.

पण मान सुटली, आणि त्या मंगळवारी पुन्हा आल्या. या वेळी चटईवर बसता बसता म्हणाल्या, "चंपाबाई, चहा ठेवून राहिली का? साखर कमी टाकजो." चंपा स्वयंपाकघरात गेली आणि दूध उतू जाईपर्यंत नुसती उभी राहिली.

मग मंगळवार आणि शुक्रवार ठरूनच गेले. जेवणं आटोपली, नागसेन आडवा झाला, की दोनच्या सुमाराला साधनाताईंची रिक्षा यायची. मानेचं दुखणं कधीच बरं झालं होतं. कधी खांदा असायचा, कधी पोटरी, कधी काहीच नसायचं. चंपाचे हात चालायचे आणि दोघींच्या जिभा चालायच्या. साधनाताई वर्ध्याच्या, चंपा पवनीची. एकीकडे पाटोड्या कशा करतात, दुसरीकडे रोडगे कुठल्या गोवऱ्यांवर भाजतात, भाद्रपदात कुठली भाजी खातात. मधेच एखादा शब्द यायचा, जो दोघींनीही तीस वर्षांत ऐकला नव्हता, आणि दोघी हसत सुटायच्या. चंपाच्या लक्षात आलं की ती बुधवारपासूनच शुक्रवारची वाट पाहते. आपण कुणाची तरी अशी वाट पाहू शकतो, हेच ती विसरली होती.

तिसऱ्या हिवाळ्यात साधनाताईंची पाठ दुखू लागली. कंबर नाही, मधली पाठ, खांद्याच्या फऱ्यांच्या खाली. चंपानं तेल लावलं आणि मणक्यांवरून बोटं फिरवत खाली आली. एका जागी बोट अडखळलं. एक मणका किंचित वर आलेला होता. भोवतालची जागा कोमट, जराशी फुगलेली. लचकेची पाठ अशी नसते. लचकेची पाठ बोटाशी भांडते, ही तर गप्प होती.

"ताई, ताप गिप येते का?"

"संध्याकाळी जरा कणकण वाटते. थंडीचे दिवस आहेत ना."

"वजन कमी झालं तुमचं."

"बरंच झालं की! कावून, वाईट दिसते का?"

चंपा हसली नाही. "ताई, एकडाव फोटो काढून घ्या पाठीचा. मले हे बरोबर वाटत नाही."

साधनाताईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "फोटो काढला की डॉक्टर ऑपरेशन सांगते. अन् अभिनव मले उचलून नागपूरले नेते. तुझ्या हातानं बरं वाटते ना बाई, राहू दे."

चंपानं राहू दिलं.

त्यानंतर तिनं फोटोचं नाव काढलं नाही. पाठीच्या त्या जागेला दाब दिला नाही, आजूबाजूनं हलके हलके चोळत राहिली, निरगुडीचा शेक देत राहिली. शेकानं दोन दिवस बरं वाटे, मग दुखणं परत येई, आणि साधनाताईही परत येत. आता त्या आठवड्यातून तीनदा येऊ लागल्या. दर वेळी चंपाच्या बोटांना तो मणका सापडायचा, दर वेळी ते शब्द ओठांपर्यंत यायचे, आणि दर वेळी ती दुसरंच काही बोलायची. नागपूर फार लांब नव्हतं, पण नागपूरला गेलेलं माणूस चटईवर येत नाही, हे तिला ठाऊक होतं.

फाल्गुनातल्या एका शुक्रवारी मालिश झाली. साधनाताई उठायला गेल्या आणि उठल्या नाहीत.

"चंपा, माझे पाय कुठं आहेत ग?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, हरवलेला चष्मा विचारावा तसा.

चंपानं पोटरीला चिमटा घेतला. त्यांना कळलंच नाही. तिनं नागसेनला हलवून उठवलं, चटईला चार कोपऱ्यांनी धरून शेजाऱ्यांनी त्यांना रिक्षात ठेवलं. दवाखान्यात एक्स-रे झाला, मोठं मशीन झालं. मणक्याचा टीबी होता. पू साचून मज्जारज्जूवर दाब आला होता. तरुण डॉक्टरीण म्हणाली की औषधानं हा बरा होतो, पण दोन महिने आधी आल्या असत्या तर पायांवर पाळी आली नसती.

अभिनव सकाळच्या गाडीनं आला. वऱ्हांड्यातल्या बाकावर चंपा बसली होती, अंगावरच्या लुगड्याला अजून तेलाचा वास.

"मावशी, तुमच्याकडे किती दिवसांपासून येत होती आई या दुखण्यासाठी?"

"मार्गशीर्षापासून. मले तवाच समजलं होतं का हे माझ्या हातचं नाही म्हणून."

"मग सांगितलं नाही?"

"सांगतलं. एकदाच सांगतलं."

अभिनव ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो फक्त "बरं" म्हणाला आणि आत गेला. तिसऱ्या दिवशी तो आईला अँब्युलन्सनं नागपूरला घेऊन गेला. चंपाला निरोप द्यायला कुणी थांबलं नाही, आणि का थांबावं, तेही तिला कळत होतं.

चटई तिनं गुंडाळून पलंगामागे उभी केली. लोक दारात येत, ती म्हणे, "हात दुखते माझा." खोटं नव्हतं ते. दुपारी दोन वाजता मात्र तिचं अंग आपोआप उठायचं, गल्लीत रिक्षाचा आवाज आला की मान वळायची. चहाला आधण ठेवताना साखर कमी पडायची, आणि नागसेन कप परत पुढे करायचा.

एकदा तो म्हणाला, मोठ्यानं, जसा तो नेहमी बोलायचा तसा, "तू रडून राहिली का?"

"नाही!" तिनं तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं, आणि शेजारणीनं खिडकीतून डोकावून पाहिलं.

पाच महिन्यांनी जामुलहून सिमेंट कारखान्यातल्या एका मजुराची बायको आली. चालत आली नव्हती, दोघींनी धरून आणली होती. चंपानं तिला चटईवर घेतलंच नाही. उभ्या उभ्या विचारलं: ताप येते का, पायाले मुंग्या येतात का, वजन घटलं का, लघवी कळते का. डॉक्टरिणीनं साधनाताईंना विचारलेले प्रश्न तिला पाठ झाले होते. बाईनं दोनदा हो म्हटलं, तशी चंपानं चपला घातल्या आणि तिच्याबरोबर सरकारी दवाखान्यात गेली. लाइनमध्ये दोन तास उभी राहिली. बाई नको नको म्हणत होती, "दाई, तैं बस हाथ लगा दे," अशी विनवत होती. चंपानं तिचा दंड सोडला नाही. फोटो चांगला निघाला. नुसती लचक होती. त्या दिवशी घरी येऊन चंपानं पलंगामागची चटई काढली, झटकली, आणि दुसऱ्या सकाळी त्या बाईची कंबर सोडवली. तेव्हापासून तिच्याकडे आधी प्रश्न, मग हात. कुणी कंटाळून दुसरीकडे गेलं तर जाऊ देते.

साधनाताईंचा फोन आला तो दिवाळीनंतर, नागसेनच्या मोबाइलवर.

"चंपाबाई, मी चालून राहिली," त्या म्हणाल्या. "वॉकर घेऊन. तू येशील का एकडाव?"

चंपा गेली. नवं लुगडं नेसली, डब्यात पाटोड्या घेतल्या, पाच तास गाडीत बसून नागपूरला उतरली. अभिनवनं दार उघडलं. त्यानं वाकून तिच्या हातातली पिशवी घेतली.

साधनाताई खिडकीशी खुर्चीत होत्या. केस पांढरे, पाठीला पट्टा. समोर फिजिओथेरपीची मुलगी बसली होती, मृणाल नावाची. ती त्यांचा पाय उचलून वाकवत होती, मोजून दहादा. चंपा भिंतीला टेकून बघत राहिली. पोरीचे हात चांगले होते. घाई नव्हती त्यांना. चंपाला आनंद झाला, आणि तिनं आपले हात पदराखाली घेतले.

मृणाल गेल्यावर साधनाताई म्हणाल्या, "दुसऱ्यांदा सांगतलं असतं तरी मी ऐकलं नसतं."

"मी सांगाले पाहिजे होतं, ताई. तुम्ही येनं बंद कराल म्हणून भेली मी."

"हो," साधनाताई म्हणाल्या, "पाहिजे होतं." मग त्यांनी हात पुढे केला. "पाठीले तर आता कोणी हात लावू देत नाही. तळहाताले चालते. मी विचारलं डॉक्टरले."

चंपानं तो हात मांडीवर घेतला. तेल नव्हतं, शेक नव्हता. अंगठ्यानं ती तळहाताची एकेक रेघ सोडवत गेली, आणि साधनाताईंनी डोळे मिटून घेतले. संध्याकाळी निघताना तिनं विचारलं, "भिलाईले कधी येता?"

"हुडकोचं घर भाड्यानं दिलं बाई," साधनाताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "आता कशाची येतो मी."

आता रविवारी फोन येतो. साधनाताई सांगतात, आज जिना उतरली, सात पायऱ्या. चंपा विचारते, धरून का न धरता? मग त्या विचारतात, तुझ्याकडे या आठवड्यात कोण कोण आलं, आणि चंपा एकेकीची पाठ सांगत बसते: ही दगडासारखी, ती पुरणासारखी. बोलणं संपतं. तरी फोन कुणी ठेवत नाही. तिकडून पंख्याचा आवाज येतो, इकडून गल्लीचा, आणि दोघी थोडा वेळ तशाच कानाला फोन लावून बसून राहतात.